पडद्यावरील पाठ : सादरीकरण-प्रणालीचा प्राथमिक वर्गातील उपयोग

(इस्लापूर परिसरातील प्राथमिक शिक्षकांसाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



किनवट तालुक्यातील इस्लापूर हे गाव सहस्रकुंडाच्या धबधब्यामुळे दूरवर ठाऊक आहे. तेथील शाळांचे वैशिष्ट्य मात्र धबधब्यात नसून भाषेत आहे. राज्यपुनर्रचनेपूर्वी इस्लापूर मंडळ हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते किनवट तालुक्याबरोबर तत्कालीन मुंबई राज्यात आले. सीमा हलली, माणसे जेथल्या तेथेच राहिली. म्हणून या भागातील पहिलीच्या वर्गात आजही मराठीबरोबर गोंडी, कोलामी, बंजारा व तेलुगू बोलणाऱ्या घरांतील मुले एकाच सतरंजीवर बसतात. अशा वर्गात भिंतीवर उजेड पडला आणि त्यात मराठी वाक्यांच्या दहा ओळी उमटल्या, तर त्यांतून कोणत्या मुलाला काय मिळते, हा प्रश्न प्रस्तुत विषयाचा गाभा होय.

साधनांची उणीव आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढील काही वर्षांत अनेक जिल्हा परिषद शाळांत प्रोजेक्टर, संगणक किंवा मोठ्या पडद्याचा टीव्ही आला. कित्येक गावी त्यासाठी लोकवर्गणी जमली. साधन आले, परंतु ते वापरण्याची रीत प्रत्येक शिक्षकाने आपापल्या परीने बसविली. शिक्षकांच्या बोलण्यात ज्याला ‘पीपीटी’ म्हणतात, ती सादरीकरणाची फाइल बहुतेक शाळांत कोणी ना कोणी तयार करतो. ती कशी असावी याचा विचार मात्र क्वचितच होतो.

या प्रणालीचा जन्म वर्गासाठी झालेला नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. अमेरिकेतील फोरथॉट या लहानशा कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स व डेनिस ऑस्टिन यांनी पॉवरपॉइंट तयार केले. १९८७ साली ते प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी एक कोटी चाळीस लक्ष डॉलरना विकत घेतली. कचेरीतील अधिकाऱ्याने आपल्या सहकाऱ्यांपुढे योजना मांडावी, हा तिचा मूळ हेतू. वर मथळा आणि खाली ठिपक्याठिपक्यांचे मुद्दे, हा जो साचा नवी स्लाइड उघडताच समोर येतो, तो त्या बैठकीतून आलेला आहे. बैठकीतील माणसांना विषय आधीच ठाऊक असतो. त्यांस आठवण पुरते. आठ वर्षांच्या मुलाला विषय ठाऊक नसतो. त्याला आठवण देऊन भागत नाही. तेव्हा शिक्षकाने करावयाची पहिली गोष्ट म्हणजे तो तयार साचा बाजूस सारून कोरी स्लाइड घेणे. लिब्रेऑफिसमधील इम्प्रेस ही प्रणाली विनामूल्य मिळते व तीतही हेच करता येते.

साच्यात अडकलेला पाठ कसा होतो, ते सांगण्याची गरज नाही. पाठ्यपुस्तकातील परिच्छेद जसाच्या तसा पडद्यावर चढतो, गुरुजी मुलांकडे पाठ करून तो वाचतात आणि मुले मागोमाग ओरडतात. ज्या मुलास वाचता येते, तो गुरुजींच्या आधीच ओळ संपवून मोकळा होतो. ज्यास येत नाही, तो चित्राची वाट पाहत बसतो. एकच मजकूर एकाच वेळी कानाने व डोळ्याने घ्यावा लागला, तर आकलन वाढण्याऐवजी पुष्कळदा घटते, असे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा येथील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसून आले आहे. चित्र डोळ्याने पाहावे व त्याचे विवेचन कानाने ऐकावे, ही विभागणी मात्र उपकारक ठरते. नव्या भाषेतील शब्द शिकविताना तो शब्द लिहून दाखवावाच लागतो. परंतु एक शब्द दाखविणे निराळे आणि परिच्छेद लटकावणे निराळे.

कोणी म्हणेल, पडद्यावर चार ओळी जास्त पडल्या तर असे काय बिघडते? अशा ओळींनी काय बिघडू शकते, याचे एक दारुण उदाहरण जगासमोर आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान उडाले, तेव्हा सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरील टाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असतानाच अभियंत्यांनी या आघाताचे परीक्षण करून ते अधिकाऱ्यांपुढे पॉवरपॉइंटच्या स्लाइडींवर मांडले. त्यांतील एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. त्याखाली मुद्दे, मुद्द्यांखाली उपमुद्दे, आणि अगदी तळाशी लहान अक्षरांत खरी गोष्ट होती. ज्या चाचण्यांच्या आधारे अनुमान केले होते, त्यांतील तुकडा ३ घनइंचांचा होता. प्रत्यक्ष आदळलेला तुकडा सुमारे १,९२० घनइंचांचा, म्हणजे ६४० पट मोठा होता. ती ओळ तळाशी राहिली आणि मथळ्याचा धीर मनावर ठसला. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान भंगले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अपघाताचे कारण स्लाइड नव्हे, हे उघड आहे. तरीही चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडची स्वतंत्र दखल घेतली आणि तांत्रिक निबंधाऐवजी स्लाइडींवर विसंबण्याच्या सवयीस दोष दिला. एडवर्ड टफ्टी या अमेरिकी अभ्यासकाने तिची ओळ न् ओळ तपासून दाखविली आहे. जाणत्या अभियंत्यांच्या सभेत जर महत्त्वाचे ते तळाशी दडू शकते, तर तिसरीच्या वर्गात ते दडणे किती सोपे असेल!

यावर उपाय शोधण्यास परदेशी जावे लागत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथे ठाकर समाजाची चित्रकथी ही कला आहे. कथेकरी चित्रांची पोथी घेऊन बसतो, एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरतो आणि वाद्याच्या साथीने कथा सांगतो. कथेचा मजकूर चित्रावर लिहिलेला नसतो. कथा सांगणाऱ्याच्या मुखात असते आणि चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यापुढे. एक प्रसंग, एक चित्र. तो प्रसंग संपेपर्यंत दुसरे चित्र वर येत नाही. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री देण्यात आली. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगविलेल्या चित्रांचे दिव्याच्या उजेडातील खेळ सुरू केले. तेथेही चित्र पडद्यावर आणि निवेदन माणसाच्या वाणीत, हीच वाटणी होती. पॉवरपॉइंटच्या जन्मापूर्वी जवळजवळ शंभर वर्षे मराठी माणसाने पडद्यावरील सादरीकरण साधले होते, आणि ठिपक्याठिपक्यांच्या मुद्द्यांविना साधले होते.

आता वर्गातील एक पाठ घेऊन पाहू या. विषय आहे जिल्ह्यातील नद्या. नेहमीच्या पद्धतीने जिल्ह्याचा पूर्ण नकाशा पहिल्याच स्लाइडवर येतो. त्यात सर्व तालुके, सर्व रस्ते, सर्व नद्या आणि कोपऱ्यात सूची. मुलाचा डोळा त्या जंजाळात फिरतो व कोठेच टेकत नाही. त्याऐवजी पहिल्या स्लाइडवर एक ठिपका असावा आणि त्याखाली एकच शब्द, ‘इस्लापूर’. शिक्षकाने विचारावे, शाळेपासून पाण्याचा आवाज कोठे ऐकू येतो? उत्तर सहस्रकुंड असे येणार. दुसऱ्या स्लाइडवर सहस्रकुंडाचे छायाचित्र पूर्ण पडदाभर यावे, त्यावर अक्षर नको. पाण्याला घरी काय म्हणतात, खडकाला काय म्हणतात, हे प्रत्येक मुलाने आपल्या बोलीत सांगावे. चित्र सर्वांचे एक असते आणि शब्द घरोघरचे निराळे असतात, हे मुलांना येथे उमगते. कोलामी बोलणारे मूल, जे एरवी ओठ मिटून बसते, तेही येथे बोलते, कारण या प्रश्नाचे उत्तर चुकण्याची भीती नाही.

तिसऱ्या स्लाइडवर ठिपक्याशेजारून पैनगंगेची निळी रेघ जावी. ही नदी बुलढाणा जिल्ह्यात उगम पावते. चौथ्या स्लाइडवर तोच नकाशा, मात्र आता दक्षिणेकडे गोदावरीची रेघ आणि नांदेड शहराचा ठिपका. येथे थांबून शिक्षकाने प्रश्न टाकावा : सहस्रकुंडातून उडी घेणारे पाणी आणि नांदेडच्या घाटाला लागून वाहणारे पाणी यांची कधी गाठ पडत असेल काय? मुलांनी वाद घालावा. दोन्ही रेघा पडद्यावर एकमेकींपासून दूर आहेत. बहुतेक मुले ‘नाही’ म्हणतील. मग एकेक कळ दाबावी. पैनगंगा वर्धेस मिळते. वर्धा वैनगंगेस मिळते व दोघींची प्राणहिता होते. प्राणहिता गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. इस्लापूरचे पाणी आणि नांदेडचे पाणी अशा रीतीने कैक कोसांच्या वळणाने एकमेकांस भेटते. सहा स्लाइडींचा हा पाठ आहे. त्यात एकूण दहा-बारा शब्द आहेत, सर्व स्थळांची व नद्यांची नावे. परंतु चलच्चित्राची सोय कशासाठी आहे, याचे उत्तर त्यात आहे : जी गोष्ट क्रमाक्रमाने घडते, ती क्रमाक्रमाने दाखविण्यासाठी.

असा पाठ बनविण्यास फार कौशल्य लागत नाही. नकाशाची स्लाइड एकदा तयार करावी, कंट्रोल व डी या कळांनी तिची प्रत काढावी आणि प्रतीत एकच रेघ वाढवावी. पुन्हा प्रत, पुन्हा एक रेघ. ॲनिमेशनच्या यादीतील उड्या, गिरक्या व ठिणग्या यांची गरजच उरत नाही. ज्या अक्षरांना शिट्टीचा किंवा टाळ्यांचा आवाज जोडलेला असतो, त्या अक्षरांचा अर्थ मुलांच्या ध्यानात राहत नाही, शिट्टी राहते. मधल्या सुटीत मुले तीच शिट्टी वाजवीत फिरताना आढळतात, एवढाच त्या श्रमाचा लाभ.

देवनागरी अक्षरांची बाब मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण पुष्कळ चांगले पाठ तेथेच फसतात. जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत, म्हणजे शिवाजी, कृतिदेव इत्यादींत टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसल्यास निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन दिसतो. केंद्रसंमेलनात मोठ्या कष्टाने बनविलेली फाइल उघडावी आणि पडद्यावर अर्थहीन चिन्हे यावीत, हा प्रसंग टाळता येण्यासारखा आहे. मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. मंगल, निर्मला, मुक्ता, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट युनिकोडचे आहेत. विंडोजवरील पॉवरपॉइंटमध्ये फाइल जतन करण्याच्या पर्यायांत फॉन्ट फाइलीतच साठविण्याची सोय आहे. तिचा लाभ घ्यावा. शिवाय फाइलीची एक पीडीएफ प्रत काढून ठेवावी. कोठेही उघडली तरी तीत अक्षर बिघडत नाही.

आकाराविषयी एक भेद ध्यानी ठेवावा. इंग्रजी अक्षर एका ओळीत मावते. मराठी अक्षराला वर वेलांटी, मात्रा व रफार असतो, खाली उकार असतो आणि मध्ये जोडाक्षर दाटलेले असते. म्हणून इंग्रजी मजकुरास पुरणारा आकार मराठीस पुरत नाही आणि दोन ओळींतील अंतरही जास्त लागते. ‘कर्तृत्व’ हा शब्द लिहून पाहावा, म्हणजे खात्री पटेल. आकडे पाठ करण्यापेक्षा एक सोपी परीक्षा आहे : मुले येण्यापूर्वी स्लाइड लावावी व शेवटच्या रांगेच्या मागे, भिंतीला टेकून, मुलाच्या उंचीइतके खाली बसून पाहावे. रफार दिसला तर अक्षर पुरेसे मोठे आहे. न दिसला तर अक्षर वाढवावे आणि ते वाढविण्यास जागा नसेल, तर शब्द कमी करावेत. हा दुसरा उपाय बहुधा अधिक चांगला असतो.

रंगांच्या निवडीत शाळेच्या खोलीचा विचार करावा. नाट्यगृहासारखा अंधार खेड्यातील वर्गात होत नाही. खिडकीला पडदा लावला तरी कौलांतून वा दारातून उजेड येतोच. अशा खोलीत प्रोजेक्टर असल्यास काळ्या पार्श्वभूमीवरील पिवळी अक्षरे फिकी पडतात. पांढऱ्या किंवा फिकट पार्श्वभूमीवर गडद अक्षर टिकते. लाल व हिरवा यांतील भेद काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, जाणवत नाही. तेव्हा केवळ रंगावरून उत्तर ओळखावयाचे प्रश्न घालू नयेत. रंगाबरोबर आकार किंवा खूणही द्यावी.

पाठ चालू असताना उपयोगी पडणाऱ्या काही कळा पॉवरपॉइंटमध्ये आहेत. एफ-पाच दाबल्यास पाठ आरंभापासून सुरू होतो. शिफ्टसह दाबल्यास समोर असलेल्या स्लाइडपासून. स्लाइडचा क्रमांक टंकून एंटर दाबला, की ती स्लाइड थेट येते. मुलाने मागची गोष्ट विचारली असता साऱ्या स्लाइडी उलट्या फिरवीत बसावे लागत नाही. कंट्रोल व पी दाबल्याने लेखणी हाती येते आणि पडद्यावर रेघ ओढता येते. परंतु या सर्वांत मोलाची कळ बी ही होय. ती दाबताच पडदा काळा होतो, पुन्हा दाबताच चित्र परत येते. मुलांनी शिक्षकाकडे पाहावे, आपसांत बोलावे, वहीत काढावे, अशी वेळ पाठात वारंवार येते. पडदा उजळ असेल तर मुलाची नजर त्यावरून हलत नाही. ते त्याच्या स्वाधीन नसते. टीव्ही चालू असलेल्या घरी पाहुणे बोलत बसतात तेव्हा काय होते, ते सर्वांस ठाऊक आहे. पडदा काळा करण्यास जो शिक्षक कचरत नाही, त्याचा पाठ पडद्याच्या ताब्यात जात नाही.

चलच्चित्रफितीविषयी थोडेसेच. ती आंतरजालावरून ऐन वेळी चालविण्याचा भरवसा धरू नये. आधी उतरवून फाइलीसह त्याच फोल्डरात ठेवावी. पाच मिनिटांच्या फितीतील उपयोगाचे चाळीस सेकंद पुष्कळदा मध्यभागी असतात. तेवढेच दाखवावे व आवाज बंद करून शिक्षकाने स्वतः बोलावे, म्हणजे निवेदकाची अनोळखी भाषा आड येत नाही. मोबाइलने घेतलेली छायाचित्रे फाइल जड करतात. ‘चित्रे संक्षिप्त करा’ हा पर्याय वापरला, तर जुना संगणकही ती सहज उघडतो. शाळेतील मुलांची छायाचित्रे पाठात घालण्याचा मोह होतो. वर्गाच्या भिंतीपर्यंत ती शोभतात. तीच फाइल व्हॉट्सॲपवरील गटांतून फिरू लागली, की मुलांचे चेहरे कोठे पोहोचतात याला धरबंद राहत नाही. पाठवावयाच्या प्रतीतून ती काढून टाकावीत.

वीज जाते. ही या भागातील शिक्षकाने गृहीत धरावयाची गोष्ट आहे, तक्रार करावयाची नव्हे. म्हणून पाठाचे टिपण करताना प्रत्येक स्लाइडशेजारी ती फळ्यावर कशी काढावयाची, हे एका ओळीत लिहावे. नद्यांचा वरील पाठ तीन रंगांच्या खडूंनी तंतोतंत होतो. जी स्लाइड फळ्यावर उतरतच नाही, तीत बहुधा एक तर छायाचित्र असते किंवा गर्दी असते. छायाचित्र असेल तर ते ठेवावे. गर्दी असेल तर दोष विजेचा नाही.

आणखी एक गोष्ट या परिसरास विशेष लागू आहे. किनवटच्या रानात साग आहे, पळस आहे, मोह आहे. पळसाचे पान वर्गाबाहेर पाच पावलांवर असताना त्याचे चित्र दिल्लीच्या किंवा परदेशच्या संकेतस्थळावरून उतरवून पडद्यावर दाखविणे, हा साधनाचा उपमर्द आहे. पान मुलाच्या हाती द्यावे. त्याच्या शिरा, त्याचा खरखरीतपणा, त्याचा वास यांतले काहीच पडद्यावर येत नाही. पडदा राखून ठेवावा तो समुद्रासाठी, बर्फासाठी, पिंपळाच्या पानाच्या छेदातील पेशींसाठी, फुप्फुसाच्या आत चालणाऱ्या हालचालीसाठी. थोडक्यात, जे इस्लापूरच्या मुलाला अन्यथा पाहावयास मिळणार नाही त्यासाठी.

तयार झालेले पाठ प्रत्येक शाळेच्या संगणकात एकटे पडून राहतात, ही मोठी नासाडी आहे. केंद्रातील दहा शाळांनी प्रत्येकी दोन पाठ एकत्र ठेवले, तर वर्षाकाठी वीस पाठांचा साठा होतो. त्यासाठी फाइलीचे नाव ‘नवीन पीपीटी एक’ असे न ठेवता इयत्ता, विषय, घटक व गाव या क्रमाने ठेवावे, म्हणजे शोधणाऱ्यास ती सापडते. चित्र कोठून घेतले ते शेवटच्या स्लाइडवर लहान अक्षरांत नोंदवावे. गुलाबाच्या फुलासह ‘धन्यवाद’ लिहिलेली जी स्लाइड हल्ली शेवटी असते, तिच्या जागी मुलांनी त्या पाठात विचारलेले प्रश्न लिहून ठेवावेत. पुढचा शिक्षक ती फाइल उघडील तेव्हा शेवटची स्लाइड प्रथम पाहील, आणि दुसऱ्या गावची मुले कोठे अडली होती हे त्याला पाठ सुरू करण्यापूर्वीच कळेल.